बोलक्याला दोनच शब्द आठवले

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण माझे मामा थापा मारणाऱ्यातले नाहीत. आयुष्यात एकदाच खोटं वागले. ही त्याचीच गोष्ट.

मामा लष्कराच्या इस्पितळात, डोक्याला मार लागलेल्या जवानांच्या वॉर्डात नर्सिंगचं काम करायचे. स्फोटानंतर कधी कधी अंगावर ओरखडाही नसतो, पण आत मेंदू हादरलेला असतो. म्हणून मामा जवानाला पाच शब्द सांगत आणि दहा मिनिटांनी परत विचारत. आठवले नाहीत, तर तुकडीत परत जाणं बंद.

एका जवानाला सगळे 'बोलका' म्हणत, कारण तो तोंडच उघडायचा नाही.

दोरी, पूल, कंदील, चादर, घोडा.

त्याला पहिले दोनच आठवले.

"दादा, तुकडी उद्या निघतेय. मागे राहिलो तर भित्रा म्हणतील. सांगा ना पुढचे."

मामांना दया आली. शिवाय जेवायची वेळ टळून गेली होती. त्यांनी तिन्ही शब्द हळूच सांगितले आणि कागदावर शब्दाला एक अशा पाच खुणा केल्या.

अकराव्या दिवशी बोलका गाडीतून उतरताना घसरला. साधंच पडणं. पण आधीच दुखावलेलं डोकं... दुसरा मार सोसला नाही. तो गेला.

मामांनी तोंडातून ब्र काढला नाही.

मग तो मंगळवार आला. दुपारचे तीन. लख्ख ऊन. तपासणीच्या खोलीत मामा आणि एक नवा जवान, दोघंच. मामांनी त्याला वेगळेच पाच शब्द सांगितले, घड्याळ लावलं, आणि पाठमोरे होऊन हात धुवायला लागले.

नळ बंद केला...

पंख्याची घरघर ऐकू येत नव्हती. व्हरांड्यातली वर्दळही नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "दोरी..."

हा शब्द मामांनी या जवानाला दिलाच नव्हता.

"पूल..."

मग नुसता श्वास. कुणीतरी आठवत होतं. अगदी मनापासून.

"सांगा ना, दादा."

मामा गर्रकन वळले. नवा जवान त्यांच्याकडेच बघत होता.

"दहा मिनिटं झाली का?" त्यानं विचारलं. "तुमचा चेहरा असा का झालाय?"

"तू आत्ता काही बोललास?"

"नाही. तुम्ही विचारलंच कुठे?"

टेबलावर कोरा कागद ठेवला होता. आता त्यावर दोन खुणा होत्या. अगदी मामा करायचे तशाच.

तो कागद घेऊन मामा तडक वॉर्डाच्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना वॉर्डातून काढलं. चौकशी झाली. बोलक्याच्या वडिलांनाही बोलावलं. ते मामांसमोर बसले, पण शिवी दिली नाही.

"शाळेतसुद्धा तो पाठांतरात कच्चाच होता," एवढंच म्हणाले.



त्या खुणा कुणी केल्या, आजवर कळलेलं नाही. मी एकदा मामांना विचारलं, "तो आवाज रागावलेला होता का?"



"नाही रे," ते म्हणाले. "रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला वाटत होतं... मी सांगेन."