राहिलेली ओळ

साल दोन हजार चार. डिसेंबरची तेरा तारीख, सोमवार. थंडी कडक होती. माझा थोरला मेव्हणा रात्री पावणेअकराला नाटकगृहात नाटकाची वही आणायला गेला. त्यानं मला सांगितलं तेच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

“आजोबा, भूत कधी येतं?” नातवानं मध्येच विचारलं.

“गप बस. आलं की तूच आधी पांघरुणात शिरशील.”

मेव्हणा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेत बसायचं, कुणी अडलं की हळूच ओळ सांगायची. त्याआधी तो स्वतः नायिका व्हायचा, मिशी भादरून. मग बाई आल्या. आमच्याकडे रंगमंचावर चढलेली पहिली बाई. सख्ख्या भावानं बोलणं टाकलं, घरमालकानं खोली सोडायला लावली. त्या हटल्या नाहीत. मेव्हण्याची भूमिका गेली, हातात वही आली.

पहिल्याच प्रयोगात बाई तिसऱ्या अंकात अडल्या. विंगेकडे पाहिलं. मेव्हणा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

“मुद्दाम?”

“मुद्दाम. पोटावर पाय आला की माणूस असाच वागतो.”

लोक हसले. शिट्ट्या झाल्या. कंपनीच्या मालकानं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “मीच विसरले. त्यांना बोलू नका.”

कंपनीत एक रीत होती. ज्याला विंगेतून ओळ मिळाली, त्यानं तोंडाचा रंग पुसण्याआधी वहीत त्या ओळीपुढे ओठांच्या रंगाचा ठिपका लावायचा. उपकाराची पोच. सगळ्यांचे ठिपके होते. बाईंनी चाळीस वर्षं काम केलं, सगळं पाठ करून. विंगेकडे पुन्हा पाहिलं नाही. त्यांचा एकही ठिपका नाही.

“बाईंची एक ओळ माझ्याकडे राहिलीय,” मेव्हणा मला म्हणायचा. त्यांच्यासमोर कधी बोलला नाही.

शनिवारी बाई गेल्या. मंगळवारी सकाळी शोकसभा होती, त्या वहीतून वाचायचं ठरलं होतं. मेव्हण्यानं दिवसभर टाळलं. शेवटी रात्री निघाला.

वही विंगेतच होती. त्यानं बॅटरी लावली, तिसरा अंक काढला.

रंगमंचावर पाऊल वाजलं.

बाई.

त्याच जागी उभ्या. पण म्हाताऱ्या, दमलेल्या. सारा भार एका पायावर. ओठ मात्र रंगवलेले.

त्यांनी विंगेकडे पाहिलं...

मेव्हण्याला पळावंसं वाटलं. पाय उचलेनात.

बाई थांबल्या होत्या...

“दार लावून घ्या,” तो पुटपुटला. “मी आता निघते.”

बाईंनी श्वास सोडला. ओळ म्हटली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी.

मग... काही नाही. नुसता अंधार.

तो घरी आला, वही उशाशी घेऊन पडला. सकाळी माझ्यासमोर टेबलावर वही उघडली. तिसरा अंक. तीच ओळ. पुढे लाल ठिपका.

मी बोट लावलं. ओला होता.

“फिटलं,” मेव्हणा म्हणाला.