सही कुणाची

"एक लेक प्रयोगाला दिलीत, तेवढ्याने भागलं नाही का, बाबा?"

धाकट्या लेकीने आवाज चढवला नव्हता, पण रुग्णालयाच्या त्या छोट्या खोलीत ते शब्द चाबकासारखे फुटले. जावई खिडकीबाहेर बघू लागले, आजींच्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली, आणि आजोबा... आजोबा मान खाली घालून उभे राहिले. ते फक्त एवढंच म्हणाले होते, "डॉक्टरीणबाईंचं एकदा पूर्ण ऐकून तरी घेऊ."

पलंगावर नऊ वर्षांची नात डोळे मिटून पडली होती. प्रश्न विचारून समोरच्याला भंडावून सोडते म्हणून आजोबांनी तिचं नाव 'वकीलबाई' ठेवलं होतं. तिचा रक्ताचा आजार वर्षभराच्या उपचारांनंतर पुन्हा उलटला होता आणि नेहमीची औषधं आता लागू पडत नव्हती. एका नव्या औषधावर संशोधन चाललं होतं. आईवडिलांची संमती असेल तर तिला त्यात घेता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं. जावई तयार होते, पण बायकोच्या मनाविरुद्ध पाऊल उचलणार नव्हते. आणि तिच्या मनात तर एकतीस वर्षांची जखम भळभळत होती.

तेव्हा आजोबा मालट्रक चालवायचे. अकरा वर्षांची थोरली अशाच आजाराने अंथरुणाला खिळली होती. आजोबा तीन दिवसांच्या वाटेवर असताना डॉक्टरांनी नव्या औषधाचा कागद पुढे केला, आणि निरोप धाडायचीही सोय नसल्याने आजींनी सही केली. पाचव्या आठवड्यात थोरली गेली. आजी आपला उजवा हात भिंतीवर आपटत राहिल्या, अन्नाला शिवेनात. जमलेल्या नातेवाइकांतून कुणीतरी विचारलंच, "पण सही केली कुणी?"

"मी," आजोबा म्हणाले.

दाराशी सहा वर्षांची धाकटी उभी होती. त्या दिवसापासून तिने बापाशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. प्रगतिपुस्तकसुद्धा ती आईपुढेच धरायची... "बाबांची सही नको." ते ऐकून आजींचा जीव तीळतीळ तुटायचा, पण त्यांनी खरं सांगायचं म्हटलं की आजोबा अडवायचे. "अगं, मी महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. माझा राग केला तर तिचं काही अडत नाही. तुझाच धाक बसला तर ती पोर रडायला कुणाच्या कुशीत शिरेल?"

आजही आजोबा गप्पच राहिले असते. पण आजींनी संत्र्याची फोड ताटलीत ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "सही माझी होती."

"आई?"

"हे गावात नव्हतेच. सही मी केली, आणि दोष यांनी अंगावर घेतला."

"अगं, कशाला आता..." आजोबा पुटपुटले.

"बोलू द्या मला. एवढी वर्षं तुमच्या पाठीआड लपले. आज गप्प बसले तर नातीच्या जिवाच्या आड येईन."

धाकटी खुर्चीत मटकन बसली. मग तिने बापाकडे पाहिलं... इतक्या वर्षांत इतकं सरळ कधी पाहिलंच नव्हतं. "तुम्ही असतात तर केली असतीत सही?"

"केली असती बहुतेक. बाकी काही उरलंच नव्हतं गं. चूक कुणाच्या सहीची नव्हती, बाळा. आजार मोठा होता."

तेवढ्यात पलंगावरून बारीक आवाज आला, "मी जागी आहे. डॉक्टरीणबाईंना बोलवा. मला विचारायचंय."

डॉक्टरीणबाई आल्या, स्टूल ओढून बसल्या. वकीलबाईने उलटतपासणी सुरू केली. "मला मधेच नको वाटलं तर?"

"तर औषध थांबवायचं. कुणी रागावणार नाही, बाकीचे उपचार चालूच राहतील."

"आणि या औषधाने बरं नाही वाटलं तर?"

"तसं होऊ शकतं. त्रासही होऊ शकतो. खात्री मी देणार नाही. पण गेलं वर्षभर तुला जी औषधं दिली, तीही आधीच्या मुलांनी अशीच घेऊन पाहिली, म्हणून आम्हाला कळली."

धाकटीने वर पाहिलं. "म्हणजे माझी ताईसुद्धा... तिला एकतीस वर्षांपूर्वी असंच नवं औषध दिलं होतं."

"त्या मुलांपैकीच एक," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

आजींनी तोंडाला पदर लावला. वकीलबाईने थोडा विचार केला. "चालेल मला. पण सुई टोचायच्या आधी सांगायचं."

त्या संध्याकाळी आईवडील दोघांनीही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सह्या केल्या.

पुढचे तीन महिने सोपे नव्हते. ताप आले, उलट्या झाल्या, दोनदा औषध थांबवावं लागलं. मग एका दुपारी आजोबांचा फोन वाजला. पलीकडे धाकटी होती, पण तिला शब्दच फुटेना, नुसते हुंदके. आजोबा जिन्याच्या पायरीवरच बसले. मग फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

"आजोबा, आई रडतेय, पण बातमी चांगली आहे. रक्तात आजार सापडतच नाहीये. तपासण्या चालूच राहणार आहेत, पण घरी सोडतायत."

धाकटी लेकीला घेऊन थेट बापाच्या घरी आली. पोरगी आजीच्या मांडीवर झोपी गेल्यावर ती आजोबांच्या शेजारी, अगदी खेटून बसली.

"बाबा, ताई कशी होती? मला ती फक्त आजारीच आठवते."

आजोबांनी डोळे पुसले. एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"महाखोडकर," ते म्हणाले. "एकदा माझ्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली लपून बसली होती. चाळीस मैल गेल्यावर कळलं मला..."

धाकटी खुदकन हसली, आणि आजोबा पुढचं सांगू लागले.