बेलूरची तक्रारपेटी

अंबूताईंची नोकरी तीन चिठ्ठ्यांवर अडली होती, आणि त्या चिठ्ठ्या गेल्या कुठं, हेच कुणाला कळेना.

बेलूरच्या त्या शिलाई कारखान्यात कामाच्या वेळी मागचं दार कुलूपबंद असे. आग लागली तर पन्नास बायकांनी जायचं कुठून? बायकांच्या हक्कासाठी सरकारनं भिंतीत लोखंडी तक्रारपेटी बसवली होती. अंबूताईंनी तीन महिन्यांत तीन चिठ्ठ्या टाकल्या. सरकारी अहवाल मात्र म्हणे, 'दरमहा पेटी उघडली, तक्रार नाही.' तरी आपण तक्रार केली, असं त्या सांगत राहिल्या, म्हणून खोटारडी ठरवून मालकानं त्यांना घरी बसवलं. साक्षीला एकही बाई पुढं आली नाही.

"कुणीतरी चिठ्ठ्या लांबवल्या," सदाशिव मास्तर म्हणाले. निवृत्तीनंतर ते हौसेनं भाचीबरोबर हिंडत. भाची नेत्रा वकिली सोडून शोधकामात पडली होती. मास्तरांनी पेटीचं कुलूप चाचपलं आणि बोट पुसलं. "गंजलंय बघ. लाल झालं."

नेत्रानं वाकून कुलूप नीट पाहिलं.

सुपरवायझर विनायक तुटकपणे म्हणाला, "किल्ली सरकारी साहेबांकडं. मी हात लावत नाही."

पहारेकरी गोपाळ मोकळा बोलला. "अक्का, साहेब महिन्याला येतात. चहा घेतात, सही करतात, जातात. खंडेनवमीला आम्हीच मशिनी, कात्र्या, कुलपं, सगळ्यांची पूजा केली. सहा महिने झाले."

मास्तरांचा संशय विनायकवर पक्का बसला.

दुसऱ्या दिवशी नेत्रानं सगळ्यांना, अंबूताईंनाही, पेटीपाशी बोलावलं. पेटी तपासणारे सरकारी साहेब रामचंद्रही आले.

"चोर कुणीच नाही," ती म्हणाली. "मामा, तो गंज नव्हता, कुंकू होतं. पूजेच्या गंधकुंकवानं किल्लीचं भोक बुजलंय, ते अजून तसंच आहे. म्हणजे सहा महिन्यांत किल्ली आत गेलेलीच नाही. सह्या मात्र सहा आहेत. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ते हे असं."

रामचंद्रांनी मान खाली घातली. "किल्ली मला कधी मिळालीच नाही, बाई. दोनदा लिहून मागितली. मग नुसता अहवाल भरून द्यायची सवय लागली."

मास्तरांना त्यांचा राग आला, आणि थोडी कीवही.

गोपाळनं हातोडीनं कुलूप तोडलं. अंबूताईंनी अक्षर ओळखून आपल्या तीन चिठ्ठ्या काढल्या. आत आणखी एकोणीस होत्या, सगळ्या त्याच दाराबद्दल.

मशिनी थांबल्या. मागच्या रांगेतली एक बाई उठली. "त्यातली एक माझी," ती म्हणाली. मग दुसरी उठली, तिसरी उठली. अंबूताईंना रडू आवरेना.

रामचंद्र तिथंच बसून पहिला खरा अहवाल लिहू लागले. अंबूताईंना कामावर घ्या, ही त्याची पहिली ओळ होती. कुणी काही सांगायच्या आत विनायकनं खिशातून मागच्या दाराची किल्ली काढली आणि तो तिकडं चालू लागला.