बोरपहाडीचं ऊन

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचं ऊन मोजून आणायचं, एकही मिनिट न गाळता! एवढ्यासाठी आम्ही तिघं मार्चअखेरीस चिचगडच्या पलीकडच्या जंगलात शिरलो होतो. बोरपहाडीच्या माथ्यावर मोबाइलचा टॉवर उभा करायचा होता. विजेची तार आणायची तर जंगल कापावं लागणार, डिझेल माथ्यावर न्यायचं तर पावसाळ्यात रस्ताच नाही. म्हणजे टॉवर चालणार तो फक्त सौरऊर्जेवर. ऊन पुरेसं आहे हे दाखवणारी अखंड नोंद उद्याच्या बैठकीत ठेवली नाही, तर पहाडीखालचा हिरडाटोला हा छोटा पाडा टॉवरच्या यादीतून बाद होणार होता.

ऊन मोजायच्या यंत्राची पेटी टेकचंदच्या खांद्यावर होती. हा आमचा तंत्रज्ञ, गोंदिया शहरातला, निम्मं बोलणं हिंदीत. वाट दाखवायला हिरडाटोल्याच्या शकुंतलाबाई मडावी होत्या. आणि मी योगराज, मोहिमेचा प्रमुख. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं माझी आई माझ्याबद्दल लग्नाआधीपासून म्हणत आलीय.

पहाटे शकुंतलाबाई घरी सापडल्या नाहीत. त्या आपल्या मोहाच्या झाडाखाली पाला जाळत होत्या. गळलेली फुलं वेचताना दिसावीत म्हणून इथे तसं करतात, आणि जाळ विझेपर्यंत हिरव्या फांदीनं कडा झोडपत थांबतात. मी दोनदा घड्याळ दाखवलं. तिसऱ्यांदा आवाज चढवला.

"थांबा ना जी," त्या म्हणाल्या, "कडा अजून धगधगून राहिली."

सूर्य कोणासाठी थांबत नसतो, असं काहीतरी शहाणपण मी त्यांना शिकवलं. त्यांनी फांदी टाकली आणि निघाल्या.

चढ उभा होता. बांबूच्या बेटातून वाट काढताना टेकचंद दोनदा घसरला, पण पेटी त्यानं आपटू दिली नाही. पुढे मोहाच्या फुलांवर ताव मारणारं अस्वल दिसलं! शकुंतलाबाईंनी हातानंच थांबवलं. दहा मिनिटं आम्ही खांबासारखे उभे. अस्वलापेक्षा मला घड्याळाची जास्त भीती वाटत होती. शेवटी ते कंटाळून उतारानं निघून गेलं आणि आम्ही धापा टाकत माथा गाठला. पूर्वेला लाली फुटता फुटता यंत्र सुरू झालं.

माथ्यावर खळ्याएवढा उघडा खडक होता आणि भोवती छातीएवढं वाळकं गवत. शकुंतलाबाईंना ते गवत आधी जाळून टाकायचं होतं. धुरानं नोंद बिघडेल म्हणून मी साफ नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. खडकाच्या एका टोकाला बसून त्या सांगत राहिल्या की टोल्यात कुठेच फोन लागत नाही, लागतो तो इथे, तोही रेंजची एखादी काडी. गेल्या श्रावणात सून धनवंताला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याची गाडी बोलवायला त्या पावसात इथवर चढल्या होत्या. फोन लागला, गाडीही आली. सून वाचली, मूल राहिलं नाही. मी उगाच यंत्राची तिपाई पुन्हा तपासली.

दुपारी एकच्या सुमाराला वारा सुटला. पाठोपाठ जळक्या पाल्याचा वास आला. खाली पश्चिमेच्या उतारावर धुराची भिंत उभी होती!

"माह्या मोहाकडून येऊन राहिली," शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या.

उतरायला वाट एकच, आणि ती धुरात गेलेली. टेकचंद पेटी उचलायला धावला. मी त्याला अडवलं, यंत्र हलवलं तर नोंद तुटेल. मग लगेच वाटलं, माणसं भाजायची वेळ आली आणि मी नोंदीचं काय घेऊन बसलोय?

शकुंतलाबाईंनी टेकचंदकडून काडेपेटी घेतली. आता त्यांनी कोणाला विचारलं नाही. खडकाच्या कडेचं गवत पेटवलं. भडका उडाला! आम्ही कडेच्या झुडपांच्या हिरव्या फांद्या मोडल्या. त्या ओरडून सांगत होत्या, आम्ही झोडपत होतो. आमचा जाळ खडकावर येऊ द्यायचा नाही, त्याला वणव्याकडे ढकलायचं. पाण्याच्या बाटल्या गळ्यातल्या दुपट्ट्यांवर ओतून ते नाकातोंडाला बांधले. डोळे चुरचुरले. श्वास अडकला. वणवा कडाडत वर आला, आमच्या जाळाला भिडला, आणि मध्ये खायला काही उरलंच नाही! आम्ही तिघं पालथे पडून खोकत राहिलो.

दोन तासांनी आकाश मोकळं झालं. यंत्र काळं पडलं होतं, पण चालू होतं. नोंद तुटेल म्हणून काच पुसायची हिंमत झाली नाही. सूर्य बुडाल्यावर मी आकडे पाहिले. धुरात ऊन निम्म्याहून खाली गेलं होतं. तरीही दिवसभराची बेरीज टॉवरला पुरून थोडी उरत होती! टेकचंद हसायला लागला. "सर, इससे बुरा दिन कहाँ मिलेगा?" खरंच होतं. उन्हाळ्यातला इतका वाईट दिवस शोधून सापडला नसता, आणि त्या दिवशीही पहाडी पास झाली होती.

खडकाच्या टोकावरून मी भुपेंद्र साहेबांना स्पीकरवर फोन लावला. आमचं नियोजन तेच बघतात. आकडे ऐकून ते खूश झाले. मग विचारलं, आग कशी लागली? तिथली माणसंच आग लावत असतील, तर बॅटऱ्या कोणाच्या भरवशावर ठेवायच्या? आपोआप लागली म्हणायला जीभ उचललीच होती. शकुंतलाबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मीनं लावली, साहेब. इझवली नाई, चुकलं. दर साली फागुनात इथलं गवत आमी टोलेवाले आधीच जाळू, आन् इझेपर्यंत बसू. टोल्याचं नाव कापू नोका."

मी फोन जवळजवळ हिसकावला. विझवू दिली नाही ती मी, घाई माझी होती, अहवालात तसंच लिहीन, असं एका दमात सांगून टाकलं. मग साहेबांनी बाईंचं पूर्ण नाव विचारलं. माथ्याची राखण त्यांच्या नावावर लिहून ते उद्या हिरडाटोला मंजुरीला मांडणार होते.

"शकुंतलाबाई कवडूजी मडावी," त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

खाली टोल्यात कंदिलांची ये-जा चालली होती. आम्ही जिवंत आहोत हेसुद्धा तिथे कोणाला माहीत नव्हतं, आणि फोन करावा तर तिथे लागणार कुठे? शकुंतलाबाईंनी पदर खोचला आणि गरम राखेतून वाट काढत बातमी सांगायला पायी निघाल्या.