कुठपर्यंत ते लिहिलं नव्हतं

माझं काम ध्वनिमुद्रणाचं. काचेपलीकडे लोक गातात, अलीकडे मी यंत्राच्या काट्यावर नजर ठेवून बसते. काटा हलला तर आवाज आहे, नाही हलला तर नाही. बाकी कोणी काही म्हणो.

काचेपलीकडे माझी धाकटी बहीणही असते. ती ज्या वृंदात गाते तो तिच्या नवऱ्याचा. त्याला सगळे मास्तर म्हणतात. मीही तेच म्हणते, मेहुणा म्हणायला जीभ रेटत नाही.

नव्या गाण्याच्या शेवटी तिला एकटीला लांबलचक ओळ होती. तिच्या कागदावर मास्तरांनी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, डावीकडे उघड्या, उजवीकडे मिटत गेलेल्या. वर लिहिलं, डिमिन्युएन्डो. म्हणजे आवाज क्रमाक्रमाने उतरवायचा. एकदम टाकायचा नाही आणि लय तर मुळीच सोडायची नाही. नवखे तिथेच चुकतात, आवाजाबरोबर गतीही ढिली करतात. पण रेघा मिटतात तिथे आणखी एक खूण लागते, आवाज कुठे नेऊन थांबवायचा त्याची. इतकी वर्षं वृंद चालवणाऱ्या माणसाने ती केलीच नव्हती.

"कुठपर्यंत?" धाकटीने विचारलं.

"मी सांगेपर्यंत," मास्तर म्हणाले आणि पेन्सिल कानामागे खोचली.

लग्नाआधी ती जिन्यात हसली की वरच्या मजल्यावर कळायचं. लग्नानंतर जेवताना, फोनवर, पाहुण्यांसमोर मास्तर तळहात जमिनीकडे दाबत "जरा खाली" म्हणत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! माझा संताप व्हायचा. ती म्हणायची, जाऊ दे गं ताई.

तालमींत तिचा काटा रोज थोडा कमी हलू लागला. मी तारा बदलल्या, माइक बदलला, शेवटी तो तिच्या ओठांना टेकेल इतका जवळ आणला. शेजारी उभ्या बाईच्या नुसत्या श्वासाने काटा थरथरत होता. धाकटीच्या स्वराने तो जागचा हलला नाही. मास्तर डोळे मिटून मान डोलावत होते.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. स्टीलचं ताट ताटावर ठेवलं, आवाज आला नाही. पातेलं हातातून सुटलं, फरशीवर गरगरलं आणि थांबलं. तेही मुकाट. मला बघून ती बोलायला लागली, नेहमीच्याच झपाट्याने, हातवारे करत. लय तिने सोडली नव्हती. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"मोठ्याने बोल," मी म्हटलं.

तिच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. तेव्हा मला कळलं की ती किंचाळते आहे.

तिने तो कागद माझ्या हातात कोंबला. रेघा मिटत होत्या तिथे तिचं बोट पुन्हा पुन्हा आपटत होतं.

मास्तर बाहेरच्या खोलीत होते. कागद त्यांच्यापुढे आपटला. इथे खूण करा, आत्ताच्या आत्ता, नाहीतर माझी बहीण मला परत द्या, म्हटलं.

त्यांनी कागद पाहिला. कानामागच्या पेन्सिलीला हातही लावला नाही.

"आत्ता कुठे तिला जमायला लागलंय, ताई."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. ते कान देऊन ऐकत होते, तालमीत ऐकतात तसे.

मग त्यांनी तळहात जमिनीकडे दाबला.

"जरा खाली."

मी धाकटीचा दंड धरला, तिला बाहेर ओढलं आणि दार सगळा जोर लावून आपटलं.

आवाज आला नाही.

आतून मास्तरांचं "शाबास" मात्र स्वच्छ ऐकू आलं.