सहाणेवरची सुंठ

डोकेदुखीची गोळी बाजारातून उठली त्याला आता अकरा वर्षं झाली होती. लोकांनी वर्षानुवर्षं फुटाण्यासारख्या खाल्लेल्या त्या गोळ्यांनी गावोगावची मूत्रपिंडं नासवली, तेव्हा सरकारने त्या बंद केल्या आणि त्यांच्या जागी निवांत पट्टी आली. करंगळीच्या नखाएवढी, त्वचेच्याच रंगाची, कानामागे चिकटवायची. सर्दीने डोकं धरलं की पट्टी आपोआप जागी व्हायची, माणसाला गाढ झोप लागायची आणि उठल्यावर डोकं हलकं असायचं. साताऱ्यात तर बिनपट्टीचा कान शोधावा लागला असता.

हेमलताबाई बुधकरांना सायनसचा त्रास तिशीपासूनचा. पट्टी लावून वर्ष होत आलं होतं आणि या वर्षात एकदाही डोकं दुखल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दुपारी तीन ते साडेचार झोप मात्र अशी लागायची की विचारू नका. एरवी बाई सहजासहजी कशावर विश्वास ठेवणाऱ्यातल्या नव्हेत. वीस वर्षं त्या दहावीच्या परीक्षेला भरारी पथकात होत्या, पोराच्या मोज्यातली चिठ्ठी त्यांना वर्गाच्या दारातूनच दिसायची. निवृत्त झाल्यावर पथक सुटलं, पण नजर काही सुटली नाही.

सध्या त्यांच्या नजरेखाली तीन प्रकरणं होती. पहिलं नातीच्या मनगटाचं. आठ वर्षांच्या इराचे आईवडील दोन वर्षांसाठी मस्कतला होते आणि ती आजीपाशी होती. तिच्या मनगटावर निळसर वळ दिसले, तेव्हा बाईंनी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला चांगलंच फैलावर घेतलं होतं. दुसरं प्रकरण फॉर्मचं. आठवड्याला सर्दी होणाऱ्या मुलांना शाळेतच पट्टी लावणार होते. इराचं नाव यादीत होतं आणि पालकाच्या सहीसाठी फॉर्म घरी आला होता. उद्या शुक्रवार, शेवटची तारीख. सही करायला बाईंची ना नव्हती, पण फॉर्मच्या कोपऱ्यात ‘चौथी प्रत’ असा शिक्का होता. पहिल्या तीन कुठे गेल्या? शाळेचा कारभार, दुसरं काय.

तिसरं प्रकरण चोरीचं होतं. घरातली सुंठ संपत होती.

सहाणेवर सुंठ उगाळून तिचा लेप कपाळावर लावायची सवय बाईंना त्यांच्या आईने लावली होती. पट्टी आल्यापासून त्यांनी सुंठेला हात लावला नव्हता, तरी सुंठेचा तुकडा आखूड होत चालला होता. सकाळी येणाऱ्या धुणेवालीवर त्यांचा संशय होता. म्हणून काल रात्री, कोणाला न सांगता, त्यांनी सुंठ उचलली आणि ज्वारीच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली. जागा फक्त त्यांनाच ठाऊक.

आज साडेचारला त्या उठल्या, चहा टाकायला ओट्यापाशी गेल्या आणि थांबल्या. सहाण ओली होती. तिच्यावर ताज्या सुंठेचा लगदा होता, आणि ज्वारीच्या डब्याचं झाकण उघडं होतं. धुणेवाली दहालाच गेलेली. सर्दीमुळे घरी राहिलेल्या इराचा हात डब्याच्या फळीपर्यंत पोचत नव्हता.

जागा ठाऊक असलेलं माणूस एकच. बाई आरशापुढे गेल्या, चष्मा लावून जवळून पाहिलं. भुवयांच्या केसांत पिवळट पापुद्रे अडकले होते.

“इरा,” त्यांनी हाक मारली. “मी दुपारी काय करत होते?”

इरा नाक पुसत दाराशी आली. “मी सांगितलं तर परत खोटारडी म्हणशील.”

हे खरं होतं. ‘आजी, तू दुपारी रडत होतीस,’ असं पोर मध्यंतरी दोन-तीनदा म्हणाली होती आणि थापा मारते म्हणून बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं.

“नाही म्हणणार. सांग.”

“लेप लावतेस. मग उशीत तोंड घालून रडतेस. मला म्हणतेस दिवा बंद कर, दिवा बंद कर. दिवा लावलेलाच नसतो. मग झोपतेस, उठतेस, आणि म्हणतेस, किती छान झोप झाली.”

बाईंनी चहा तसाच राहू दिला, पायात चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या पलीकडे डॉक्टर प्रसन्न कुलथ्याच्या दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. प्रसन्न मेंदूचा शास्त्रज्ञ होता. पट्टी तयार करणाऱ्या मंडळींत तो होता आणि नंतर ते काम सोडून गावी परतला होता. त्याच्या मोज्यातली चिठ्ठी दहावीला बाईंनीच काढली होती, त्यामुळे तो खोटं बोलला तर आपल्याला कळेल याची त्यांना खात्री होती.

प्रसन्न डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेत बसला होता. नाक लाल, शेजारी काढ्याचा पेला. त्याच्या कानामागे काहीच नव्हतं.

“तू स्वतः का नाही रे लावत?” बाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

“बसा बाई.” त्याने टॉवेल खाली घेतला. “दुखणं आणि दुखल्याचं आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. गोळी पहिलं थांबवायची. पट्टी पहिल्याला हातच लावत नाही. मेंदूला कोणतीही आठवण पक्की करायला काही तास लागतात. तेवढ्यात पट्टी ती पुसून टाकते. आम्ही त्याला स्मृतिरोध म्हणायचो.”

“म्हणजे डोकं दुखतं.”

“पूर्वीइतकंच. फक्त ज्याला दुखलं, तो नंतर उरत नाही. म्हणून अकरा वर्षांत एकही तक्रार नाही.”

“आणि सुंठ?”

“हातांच्या सवयी पट्टीला पुसता येत नाहीत. तुमच्या घरात सहाण असेल याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.”

बाई संतापल्या. त्यांनी कानामागची पट्टी ओरबाडून त्याच्या टेबलावर टाकली. “लहान पोरांना लावताहेत हे. माझ्या नातीला. मी नाही सही करणार.”

प्रसन्नने पट्टी उचलली नाही. “बाई, एक सांगू? तुम्ही याआधी तीनदा आला होतात. हेच विचारलंत. पट्टी अशीच टाकलीत.”

“मग?”

“मग दिवेलागणीला डोकं उठतं. आता त्या दुखण्याची तुमची सवयच गेली आहे. पट्टी असताना मागचा क्षण पुसला जातो, त्यामुळे दुखण्याला लांबी नसते. पट्टीशिवाय ते मिनिटामिनिटाने साठत जातं. ते सोसत नाही आणि तुम्ही घरातली दुसरी पट्टी लावता. लावली की मागचे पाच-सहा तासही जातात. मीही जातो त्यात.”

त्याचा चेहरा बाईंनी नीट निरखला. तो खोटं बोलत नव्हता, आणि ते फार वाईट होतं.

घरी येईपर्यंत डाव्या भुवईवर ठोके सुरू झाले होते. बाईंनी आधी फॉर्म घेतला आणि चार तुकडे केले.

“दर वेळी फाडतेस,” इरा म्हणाली. “मग चांगली झालीस की शाळेला नावं ठेवतेस, अजून फॉर्म कसा पाठवला नाही म्हणून. मी शाळेतून नवीन आणते. उद्यापण मिळेल, आमच्या वर्गाच्या बाईंकडे गठ्ठा आहे.”

म्हणजे आज पट्टी लावली तर उद्या सही होणार. स्वतःच्या हाताने, हसतमुखाने आणि वर शाळेला नावं ठेवत. बाईंना ते लख्ख दिसलं.

“दुसरी पट्टी कुठे आहे?”

“माझ्याकडे. तूच ठेवायला दिलीस.”

“आज मी मागितली तरी देऊ नकोस. काही झालं तरी.”

इराने फ्रॉकची बाही खाली ओढली आणि मनगट झाकलं. “असंच म्हणतेस. मग मी दिली नाही की हात पिरगळतेस.”

बाई खाली बसल्या. वर्गशिक्षिकेचा रडवेला चेहरा त्यांना आठवला. वीस वर्षांत शेकडो पोरं पकडली, पण हे प्रकरण स्वतःच्याच दारात येऊन संपेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी इराला जवळ घेतलं. त्यांना रडू येत होतं आणि डोकं त्याने आणखीच ठणकत होतं.

मग त्यांनी भराभर कामं उरकली. इराच्या कपाळावर लेप लावला, तिला शाल गुंडाळली आणि हातात घराची किल्ली दिली. “बाहेरून कुलूप लाव. समोर मंदाकाकूंकडे जा, आज तिथेच झोप. पट्टी घेऊन जा. सकाळी आठ वाजता उघड. त्याआधी मी काय वाटेल ते बोलले तरी उघडू नकोस. तू शहाणी आहेस ना?”

“हो.” इराने दार ओढलं. कुलूप लागल्याचा आवाज आला.

पहिला अर्धा तास बाईंनी बऱ्यापैकी काढला. पातेल्यावर डोकं धरून वाफ घेतली, सुंठ उगाळली, जाड लेप थापला. पूर्वी याच उपायांवर त्यांनी वीस-पंचवीस वर्षं काढली होती, तेव्हा डोकं धरूनही पेपर तपासले होते. ती बाई कुठे गेली? ठोके भुवईतून डोळ्यात उतरले, डोळ्यातून दाढेत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात. परत पाहिलं. पावणेसातच. सकाळचे आठ ही वेळ कधी येते हेच त्यांना समजेना.

सात वाजता त्या दाराशी होत्या. समोरच्या घरातून इराच्या शिंका ऐकू येत होत्या. बाईंनी पदराने कपाळावरचा लेप पुसला आणि आवाज मोकळा केला.

“इरा, ये गं सोन्या. थांबलं बघ डोकं. काही त्रास नाही आता. तुझ्यासाठी शिरा करते, ये.”

आवाजात ठणक्याचा मागमूस नव्हता. इतकी बेमालूम थाप भरारी पथकातल्या वीस वर्षांत त्यांनी एकाही पोराच्या तोंडून ऐकली नव्हती, आणि ती मारताना त्यांना हे स्पष्ट कळत होतं.

समोरचं दार वाजलं. चपलांचा बारीक आवाज अंगणातून जवळ आला आणि उंबऱ्यापाशी थांबला.

“आजी, खरंच?” बाहेरून इराने विचारलं.

“खरंच,” बाई म्हणाल्या.

किल्ली कुलपात शिरली.