पुसलेला फळा

"साडेपाचच्या बोटीने बाबांना नेतायत," मुलगी म्हणाली. "काहीतरी करा हो. पाया पडते तुमच्या."

वहिनींनी तिला आधी खुर्चीत बसवलं. वहिनी म्हणजे खाजगी गुप्तहेर. धाकटा दीर कायम त्यांच्याबरोबर असतो आणि उठता-बसता 'वहिनी, वहिनी' करतो, म्हणून सगळं जगच त्यांना वहिनी म्हणतं. दोघं आज सकाळीच सुट्टीसाठी बेटावर उतरले होते. दिराच्या हातातला टोस्टसुद्धा अजून संपला नव्हता.

"डोळे पूस आणि पहिल्यापासून सांग."

मुलीचे वडील बेटावरचे वाटाडे. ओहोटीला समोरच्या पक्ष्यांच्या बेटावर चालत जाता येतं. चिखलात खुंट रोवून वाट आखलेली आहे. किती वाजेपर्यंत परत यायचं, ती वेळ वाटाडे रोज पहाटे किनाऱ्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितात आणि लोक ती वाचून आपापले जातात. काल पक्ष्यांचे फोटो काढायला गेलेली एक बाई परत येताना बुडाली. फळा कोरा सापडला. वाटाडे म्हणाले, "लिहायचं विसरलो."

"साफ खोटं!" मुलगी म्हणाली. "सकाळी शाळेवर जाताना फळ्यावर वेळ होती. नंतर कुणीतरी पुसली. मी दिवसभर वर्गात शिकवत होते, कळलं ते संध्याकाळी. पण माझं ऐकतो कोण? बाबा हल्ली विसरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात गोळ्या दोनदा घेतल्या. ते काही विसरले की मी गुपचूप करून टाकते, चारचौघांत शोभा नको म्हणून. परवा मीच त्यांच्या गोळ्या आणायला दिवसभर पलीकडे तालुक्याला गेले होते, शेवटच्या बोटीने आले. कोठडीत त्यांना आठवण कोण करणार?"

बाहेर पडल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, सरळ आहे. वाट बदनाम झाली तर फायदा कुणाचा? होडीवाल्याचा, नाहीतर लॉजवाल्याचा."

"चला, विचारू," वहिनी म्हणाल्या.

होडीवाला होडीच्या तळाला डांबर लावत होता. फळ्याचं नाव काढताच त्याचा ब्रश थांबला.

"पुसला तो वाटाड्यानेच," तो शेवटी म्हणाला. "चारला पाहुणे घेऊन परत आला, फळ्याकडे पाहिलं, बाहीने पुसला आणि किनाऱ्यावरच्या धोक्याच्या घंटेकडे धावला. वेड्यासारखी बडवत होता. वारा उलटा, पलीकडे काय ऐकू जाणार? मग स्वतःच पाण्यात शिरला. छातीभर पाण्यातून ओढून काढला मी त्याला."

"फौजदारांना नाही सांगितलंत?"

"हात जोडले हो त्याने. म्हणाला, तोंड उघडू नकोस."

"सकाळी काय लिहिलं होतं?"

"सहाला मी निघालो तेव्हा चार वीस. परवा साडेतीन, काल चार वीस. रोज पन्नास मिनिटं पुढे. इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे."

लॉजवाला टॉवेलांच्या घड्या घालत होता. आधी त्याने ताकास तूर लागू दिली नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नऊला मी फळा पाहिला. पाच दहा होतं. बाईंना मीच सांगितलं, आरामात या म्हणून. हे फौजदारांना सांगितलं तर मलाच धरतील ना!"

"परवा होतात इथे?"

"रोज असतो. पाहुण्यांना फळा वाचून मीच सांगतो. हिशोब करत बसत नाही, जे लिहिलंय ते सांगतो."

"हाच तो!" बाहेर येताच दीर कुजबुजला. वहिनी किनाऱ्याकडे चालू लागल्या. आपला अंदाज चुकावा, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

पावणेपाचला किनाऱ्यावरच्या खोपीत फौजदार, वाटाडे आणि मुलगी बसले होते. मुलीच्या मांडीवर बापाची भरलेली बॅग होती.

"कळलं?" तिने विचारलं. "कुणी केलं?"

"तुला झेपेल?"

"बाबा सुटू देत. बाकी काहीही झेपेल."

"बाई, मी कबूल केलंय ना?" वाटाडे एकदम उठले. "जाऊ द्या की मला!"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. होडीवाला आणि लॉजवाला काय म्हणाले ते त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वाटाडे विसरले नव्हते. पहाटे त्यांनी बरोबर वेळ लिहिली, चार वीस. स्वतः चारला परत आले. सहा ते नऊच्या मध्ये कुणीतरी चार वीसचे पाच दहा केले."

"लॉजवाल्याने," दीर म्हणाला.

"जीव घ्यायचा असता तर सहा लिहिले असते, साडेसहा लिहिले असते. नेमकी पन्नासच मिनिटं का वाढवली, भाऊजी? हा घात नाही, हिशोब आहे. कुणाला तरी वाटलं की फळ्यावर परवाचीच वेळ राहिली आहे. लॉजवाल्याला तसं वाटणार नाही, परवाचे साडेतीन त्याने वाचले होते. होडीवाल्यालाही नाही. तसं वाटेल ते परवा बेटावर नसलेल्या माणसाला. वाटाडे विसरतात हे ज्याला माहीत आहे, आणि त्यांची चूक गुपचूप सुधारायची ज्याला सवय आहे, त्याला."

वहिनी मुलीकडे वळल्या. "म्हणून तर ते अक्षर ओळखताच वाटाड्यांनी फळा पुसला."

"पण पाच दहा बरोबरच होते," मुलगी हळू म्हणाली. "मी बाबांच्या वेळेत पन्नास मिळवले. बरोबरच होते ना, बाबा?"

वाटाड्यांनी तोंड फिरवलं.

"आज वाट किती वाजेपर्यंत उघडी आहे?" वहिनींनी विचारलं.

मुलीने दारातून बाहेर पाहिलं. पाच वाजत आले होते. खुंटांच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा होता आणि दोन पाहुणे चप्पल हातात घेऊन निवांत परत येत होते. ती बघत राहिली. पाच दहाला पहिल्या खुंटाशी पाणी चढलं.

"मीच लिहिलं, साहेब," वाटाडे फौजदारांना म्हणत होते. "पोरीचं ऐकू नका, तिला काही माहीत नाही." दीर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मुलीने बॅग उघडली. बापाचे कपडे काढून बाकावर ठेवले, स्वतःची एक शाल तेवढी आत राहू दिली. मग गोळ्यांची पुडी काढून त्यांच्या मुठीत दिली आणि मूठ दोन्ही हातांनी मिटली.

"रोज रात्री दोन, बाबा," ती म्हणाली. "आणि घेतल्या की नाही ते आठवलं नाही, तर घेतल्यात असं समजायचं. पुन्हा घ्यायच्या नाहीत."